घरी कसं सांगायचं?

मागच्या महिन्यात गावी, एकोडीला गेलो होतो. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातलं हे माझं गाव. निमित्त शिष्यवृत्तीच्या अर्जांचं होतं. रोवणी आटोपली होती, लोकांना थोडी फुरसत होती, म्हणून ईशाच्या नमाजनंतर एका घराच्या ओसरीवर दहा-बारा पालक जमले. उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो, आधार बँकेला कसं जोडायचं, गेल्या वर्षीचे पैसे अजून का आले नाहीत, असे नेहमीचेच प्रश्न होते. बैठक उठली तेव्हा एक भाईजान मागे राहिले. राइस मिलचा ट्रक चालवतात. त्यांचा मुलगा नागपूरला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चपला पायात घालत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पोरगा फोन उचलत नाही. उचलला तर ‘ठीक हूं’ म्हणतो आणि ठेवून देतो. त्याची अम्मी म्हणते, आवाज त्याचा राहिला नाही." मग थोडं थांबून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "किसी ने कुछ कर तो नहीं दिया ना उस पर?"

मी त्यांना काय उत्तर दिलं ते पुढे सांगतो. आधी तुमच्याशी, म्हणजे हे वाचणाऱ्या कॉलेजातल्या मुलामुलींशी बोलायचं आहे. पालकांनी मुलांना समजून घ्यावं, असे लेख पुष्कळ निघतात. पण ते वाचतात कोण? ट्रक चालवणारा बाप वाचत नाही, विड्या वळणारी आई वाचत नाही. वाचता तुम्ही. म्हणून या वेळी प्रश्न उलटा घ्यायचा आहे. आपल्या मनाचं बरं चाललेलं नसेल, तर अम्मी-अब्बांनी आपल्याला आधार द्यावा यासाठी त्यांना मदत कशी करायची? हो, त्यांना मदत. आधार देण्याची इच्छा त्यांच्याकडे भरपूर आहे. त्यांना रीत माहीत नाही, कारण त्यांना कुणी असा आधार दिलेलाच नाही.

आपल्या घरातले फोन आठवा. चार प्रश्न असतात. खाना खाया? पैसे आहेत? अभ्यास कसा चाललाय? नमाज पढतोस ना? चारही प्रश्न प्रेमाचेच आहेत, त्यांची थट्टा करण्याचं काही कारण नाही. पण चारही प्रश्नांचं उत्तर एका ‘हां’मध्ये संपतं. रात्रभर झोप लागली नाही, वर्गात बसलं की छातीत धडधडतं, तीन दिवस मेसमध्ये गेलो नाही, हे सांगायला त्या फोनमध्ये जागाच नाही. आणि सांगायचं ठरवलं तरी शब्द कुठले वापरायचे? घरी आपण वऱ्हाडी-झाडी वळणाची हिंदी-उर्दू बोलतो, बाहेर मराठी, कॉलेजात इंग्रजी. ‘डिप्रेशन’ हा शब्द तिसऱ्या भाषेतला. तो घरात उच्चारला की अब्बांना एकदम वेड्यांचं इस्पितळ दिसतं. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं आहे, त्यामुळे ‘नागपूरला न्यायला पाहिजे’ या वाक्याचा आमच्या भागात एक वेगळाच अर्थ होतो. मग उरतो तो ‘टेन्शन’ हा शब्द, ज्यात पेट्रोलच्या भावापासून मरणाच्या विचारापर्यंत सगळं मावतं.

पण घरात शब्द आहेत. अम्मीच्या तोंडी रोज असतात. दिल बैठ रहा है. घबराहट हो रही. कशातच मन लागत नाही. काही चांगलं वाटेनासं झालंय. डॉक्टर ज्या खुणा विचारतात त्या याच आहेत. दोन आठवडे किंवा जास्त मन उदास राहणं, ज्यात गोडी होती त्यातली गोडी जाणं, झोप आणि भूक बिघडणं, माणसं टाळणं, आपण सगळ्यांवर ओझं आहोत असं वाटणं. घरी सांगताना आजाराचं नाव सांगूच नका. झोप, जेवण, धडधड, दिवस. "अब्बा, वीस दिवस झाले, रात्री दोन-तीनपर्यंत डोळा लागत नाही आणि सकाळी उठावंसं वाटत नाही." एवढं वाक्य कुठल्याही बापाला कळतं. ताप किती दिवसांपासून आहे हे विचारण्याची त्याला सवय आहे.

माझं स्वतःचं सांगतो. अब्बांचं एकोडीत शिलाईचं दुकान होतं. मी खानदानातला कॉलेजात गेलेला पहिला. नागपुरात इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी पाच विषय राहिले. सात महिने घरी खोटं बोललो. सुटीत घरी गेलो नाही, ‘सबमिशन आहे’ म्हणालो. दिवसा झोपायचो, रात्री जागायचो, खोलीतल्या मुलांशी बोलणं बंद. कॉलेजात एकदा एका सरांना सांगायला गेलो होतो. ते म्हणाले, झेपत नसेल तर कशाला येता तुम्ही लोक. यातला ‘तुम्ही लोक’ म्हणजे गावाकडचे की मुसलमान, हे मला आजवर कळलेलं नाही. एका सकाळी खाली बोलावणं आलं. फाटकाशी अब्बा उभे, हातात डबा. पहाटेच्या एसटीने आले होते. कुणी कळवलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मार्कशीट विचारली नाही. म्हणाले, "भूक लागली का?" आम्ही टपरीवर तर्री-पोहा खाल्ला. खाता खाता अब्बांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मला माहीतच नव्हती. चाचा वारले त्या वर्षी त्यांनी तीन आठवडे दुकान उघडलं नव्हतं. मशीनवर बसले की हात चालायचा नाही. लोकांना सांगितलं, मशीन बिघडली आहे. "मग?" मी विचारलं. "मग तुझी अम्मी रोज दुपारी दुकानात येऊन नुसती बसायला लागली."

त्या दिवशी माझे विषय सुटले नाहीत. मी पुढे शाखा बदलली, एक वर्ष गेलं, शेजारपाजारचं बोलणं ऐकलं. पण खोटं बोलणं संपलं, आणि मला वाटतं तेच मला मारत होतं. अब्बांना कुणी समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं नव्हतं. त्यांनी आपलं मोडलेलं दाखवलं, एवढंच. म्हणून माझं सांगणं असं की घरी आपलं सांगण्याआधी कधीतरी त्यांचं विचारा. "अब्बा, तुम्हाला कधी असं झालं होतं का?" बहुतेक घरांत असं एखादं बंद दुकान सापडतं.

आता थोडे आकडे, कारण काहींना वाटतं की ही शहरी, खात्यापित्या घरांची थेरं आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या एकूण १,७०,९२४ आत्महत्यांपैकी १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आहेत. त्यात सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातल्या. या आकड्यांत शाळकरी मुलंही आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचारच न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान आहे. आणि आपल्यापुरतं एक वेगळं गणित आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत २०१९-२० च्या तुलनेत २०२०-२१ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ८ टक्क्यांनी घटली, म्हणजे पावणेदोन लाखांहून जास्त मुलंमुली कमी झाली. देशभरच्या विद्यार्थ्यांत आपला वाटा ५ टक्क्यांच्याही आत. जे पोचतात त्यांच्या पाठीवर म्हणून अख्ख्या घराची, कधी कधी अख्ख्या मोहल्ल्याची पैज लागलेली असते. ‘आमचा पोरगा नागपूरला शिकतो’ या वाक्याचं वजन किती असतं, हे ते वाक्य बोलणाऱ्याला कळत नाही, उचलणाऱ्याला कळतं.

मुलींच्या बाबतीत हे वजन दुप्पट आहे, आणि इथे मला जरा थांबायचं आहे. आमच्या बैठकांना येणाऱ्या मुलींशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. त्या घरी सांगत नाहीत, पण आईबाप समजून घेणार नाहीत ही त्यांची भीती नसते. आईबाप फार पटकन समजून घेतील, याची भीती असते. "बेटी, नको तो त्रास, घरी ये." एवढं प्रेमाने म्हटलेलं वाक्य, आणि शिक्षण संपलं. पुढच्या सहा महिन्यांत रिश्ता. म्हणजे मुलीने दुःख सांगण्याची किंमत तिचं कॉलेज आहे. मग ती कशाला सांगेल? ती ‘ठीक हूं’ म्हणेल आणि रात्री बाथरूमचा नळ सोडून रडेल. आईबापांना मी हात जोडून सांगतो, आणि मुलींनो, तुम्हीही चांगल्या दिवसांत, सगळं बरं चाललेलं असताना, घरी हा एक करार करून घ्या. मी कधी म्हणाले की मला बरं नाही, तर उपचार करायचे, सुटी घ्यायची, गरज पडली तर होस्टेल बदलायचं, पण शिक्षण बंद करायचं नाही. मोठ्या भावाला किंवा मामूंना साक्षीला ठेवा. अडचण आल्यावर असा करार होत नाही, कारण तेव्हा घर घाबरलेलं असतं. ‘डॉक्टरकडे गेलं की रिश्ता येणार नाही’ ही दुसरी भीती. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा हक्क आहे. तुम्ही अठरा वर्षांच्या पुढे असाल तर कायद्यात नमूद अपवाद सोडून डॉक्टर तुमचं तुमच्या संमतीशिवाय कुणाला सांगू शकत नाहीत. तिसरी भीती पोलिसांची. याच कायद्याच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानलं आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही.

पण सगळं घरावर टाकून मोकळं होणंही बरोबर नाही. डॉ. पायल तडवी यांचं नाव तुम्हाला आठवत असेल. जळगावची तडवी भिल्ल समाजातली मुलगी, म्हणजे आदिवासीही आणि मुस्लिमही. मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवलं. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे, त्याचा न्याय न्यायालय करील. मला सांगायचं आहे ते तिच्या आईबद्दल. पायलने घरी सांगितलं होतं. आई आबेदा तडवी यांनी ऐकलं होतं. कुटुंबीयांचं म्हणणं आहे की त्यांनी तक्रारही केली होती, दाद लागली नाही. म्हणजे ‘घरी बोला’ हा आपला सल्ला त्या घराने पाळला होता. पुढे आबेदाताई आणि रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांनी २०१९ मध्येच सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, की कॉलेजांतला जातिभेद रोखण्याची यंत्रणा कागदावर राहू नये. दोन आया, एक जळगावची, एक आंध्रातली. तेव्हा, मुलाचं मन बिघडलं तर आधी विचारायचं की त्याला तिथे कुणी बिघडवतंय का. रॅगिंग, जात, धर्मावरून टोमणे, भाड्याने खोली न मिळणं, हिजाबवरून बोलणी. अशा वेळी ‘सहन कर, चार वर्षं काढ’ हा सल्ला विषासारखा आहे. तिथे लेखी तक्रार, तिची पोच, तारीख, आणि सोबत दोन माणसं लागतात. आईबापांना अर्ज लिहिता येत नसेल तर आपली चळवळ कशासाठी आहे?

कॉलेजकडे मागायलाही आता आधार आहे. विशाखापट्टणमला शिकणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. होस्टेलात, वर्गात हेल्पलाइनचे नंबर लावायचे. आणि पालकांसाठी जागृतीचे कार्यक्रम घ्यायचे. तुमच्या कॉलेजात समुपदेशक कोण आहे, कुठल्या खोलीत बसतात, या आठवड्यात विचारा. उत्तर काय मिळतं ते आम्हाला कळवा.

आता त्या भाईजानांच्या प्रश्नाकडे येतो. ‘किसी ने कुछ कर तो नहीं दिया?’ वीस वर्षांपूर्वी मी त्यांच्याशी वाद घातला असता. अंधश्रद्धा म्हणून झटकलं असतं आणि ते गप्प होऊन निघून गेले असते, सरळ एखाद्या बाबाकडे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहात आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले, ते मी विसरलेलो नाही. साखळी, मार, धुरी या गोष्टींना अजिबात सवलत नाही. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं हा गुन्हा आहे. पण घाबरलेली आई मुलासाठी दुआ मागते, ताईत बांधते, तिला हसून आपण काय मिळवतो? गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावाला मीरा दातार दर्गा आहे. तिथे ‘दवा और दुआ’ नावाचा उपक्रम २००८ पासून चालला. दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसायचे आणि मुजावर स्वतः लोकांना त्यांच्याकडे पाठवायचे. माझ्यासारख्या माणसाला हे लिहायला जरा जड जातं, पण रस्ता कामाचा आहे. दुआ सोडायला सांगू नका, दवा सोबत घ्यायला सांगा.

‘इमान कमजोर आहे म्हणून असं होतं’ असं कुणी म्हणालं तर त्यांना एक नाव सांगा. अबू झैद अल-बल्खी, इ. स. ९३४ मध्ये वारले. शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर त्यांनी एकाच ग्रंथात लिहिलं. कारण असलेलं दुःख आणि कारण न सापडणारं दुःख यांत त्यांनी फरक केला, आणि घरात जशी औषधं आधीच जमवून ठेवतो तसे धीराचे विचार चांगल्या दिवसांत जमवून ठेवावेत असं सुचवलं. हजार वर्षांपूर्वी हे कळलं होतं. आणि आजचं नाव हवं असेल तर साताऱ्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी मुलाचं नाव हमीद दलवाईंवरून ठेवलं, ते हेच. मनाचे आजार आणि अंधश्रद्धा यांवर ते सतत बोलत असतात. त्यांचं एखादं मराठी भाषण अम्मी-अब्बांसोबत बसून ऐका. आपण सांगण्यापेक्षा डॉक्टर सांगतात ते त्यांना पटतं, यात वाईट वाटून घेऊ नये.

भाईजानांना मी एवढंच म्हणालो, "केलं असेल की नाही मला माहीत नाही. पण पोरगा झोपत नाही, जेवत नाही, तर तुम्ही उद्या नागपूरला जा. फोनवर होणार नाही. मार्क विचारू नका, नमाज विचारू नका, शेजारच्या पोराचं नाव काढू नका. नुसते बसा." आणि ते ज्याला घाबरत होते तेही सांगितलं. मरावंसं वाटतं का, असं सरळ विचारायला हरकत नाही. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून मुलं बोलून टाकतात. तो ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. मग टेलि-मानसचा नंबर दिला, १४४१६. केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासूनची, चोवीस तास, मोफत, मराठी-हिंदीतही बोलतात. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाचंही सांगितलं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तिथूनच चालतो.

त्यांनी नंबर भिंतीवरच्या राइस मिलच्या कॅलेंडरवरून कोपरा फाडून त्यावर लिहून घेतला. घडी करून खिशात ठेवली. मग विचारलं, "इस नंबर पे मैं बात करूं तो चलेगा? नींद मेरेको भी नहीं आती."

चालेल म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ते गेले. मुलगा आठ दिवस घरी येऊन राहिला, नागपुरात डॉक्टरांना दाखवलं, औषध सुरू आहे, परत कॉलेजात जातो. बरा झाला असं मी लिहीत नाही, त्याला वेळ लागेल. धान कापणी झाली की एकोडीत पालकांची दुसरी बैठक ठेवतो आहोत, या वेळी शिष्यवृत्तीचा विषय नाही. साकोली, लाखनीकडच्या गावांतून तुमच्यापैकी कुणाला घरच्यांना घेऊन यायचं असेल तर या. अम्मींसाठी वेगळी बसायची सोय आहे, कारण सगळ्यांसमोर त्या बोलत नाहीत. आणि ट्रकवाले भाईजान येणार आहेत. पहिल्यांदा तेच बोलतो म्हणाले.